त्याचंही लिव

पाच खोल्या होत्या. दारांवर एक, दोन, तीन,
चार, आणि मग एकदम सहा.
पाच नंबर का नाही विचारलं
तर कार्मेलीनबाई म्हणायच्या, "पाच कुत्र्यांचा."

कुत्रे मात्र सातच्या खाली कधी नव्हते.

उत्तनच्या त्या गेस्टहाऊसमध्ये मी
दोन वर्षं आठ महिने वही लिहिली.
नाव, कुठून आलात, कुठे जाणार,
माणसं किती, डिपॉझिट दिलं की उद्यावर टाकलं.
खाऱ्या हवेनं पेनाची टोपी गंजायची,
पानं एकमेकांना धरून बसायची.

बोटी वर ओढून ठेवलेले दिवस, पाहुणा नाही एकही,
तेव्हा भरतीच्या कडेकडेनं
एक तांबडा आला. एक कान दुमडलेला,
गळ्यात तुटक्या जाळ्याचा निळा दोर.
बाई तांदूळ निवडायच्या थांबल्या.
"लिव गो. त्याचं पन लिव."
मी लिहिलं. नाव: सुंगट.
कुठून आला: समुद्राकडून.
माणसं: शून्य.
कुठे जाणार
इथं बाई बराच वेळ सुपाकडे बघत राहिल्या.
"ते रिकामं सोड. त्यालाच म्हाईत नाय."

चार नंबरची कडी बसत नसे.
रात्री दार नाकानं ढकलून कोणीतरी आत जायचं
आणि पाहुण्याच्या पायाशी वेटोळं करायचं.
सकाळी तक्रार. मी माफी मागायची,
बाई आतून मोठ्यानं हसायच्या,
सुतार उद्या येणार असायचा.

डोंबिवलीचे गाडेकर कुत्र्यांना इतके भ्यायचे
की तीन रात्री खाटेवर पाय घेऊन जेवले.
चौथ्या दिवशी जाताना शेऱ्यात लिहून गेले,
चादरी स्वच्छ. आमटी तिखट.
पिवळ्या कुत्रीला माझं नाव कळलेलं आहे.

ती मांदेली. पुढच्या लेंटमध्ये गेली.
सुरूच्या झाडाखाली खड्डा खणताना
वाळू पुन्हा पुन्हा आत ढासळत होती,
आणि बाकीचे सहा जण, लाज वाटावी इतक्या आनंदानं,
आमच्यासोबत खणत होते.

पहाटे चारच्या सुमाराला सगळे एकदम उठायचे.
आम्हाला ऐकू यायचा नुसता काळोख.
त्यांना मात्र बाईंच्या भावाच्या बोटीचं इंजिन
दहा इंजिनांतून ओळखू यायचं.
नखांचा ओसरीवर खरखराट,
मग वाळूत काहीच आवाज नाही.
बाई घड्याळ न बघता स्टोव्ह पेटवायच्या.
कुत्रे परतले की इनास येणार,
इनास आला की चहा, अंगाला माशांचा वास,
टोपलीतून एक बोंबील चोरीला गेलेला,
आणि चोर कोण ते कोणीच विचारायचं नाही.

आता घोडबंदरला, चौदाव्या मजल्यावर,
खिडकीतून खाडी दिसते अंगठ्याएवढी.
प्राण्यांनी मागची लिफ्ट वापरावी, अशी पाटी आहे.
इथं माझ्या घरात प्राणी नाही.
तरी रात्री उठले की पाय आधी हवेत थांबतो,
चाचपतो, कुणाच्या पाठीवर पडू नये म्हणून.
खाली फरशी असते. गार.
रोज असते, आणि रोज थोडं चुकल्यासारखं होतं.

परवा बाईंचा फोन होता.
खोल्या पाडल्या, म्हणाल्या. पुतण्यानं जागा दिली कुणाला तरी.
मसाला पाठवते म्हणाल्या, गुडघ्याचं सांगितलं,
मग जाता जाता,
"सुंगट चारच्या उंबऱ्यावरच निजतो."
उंबरा कुठंय आता, मी म्हटलं.
"उंबरा नाय गो. पन तो तिथंच.
मुकादम आला का उठतो, वाट देतो,
मंग परत."