अर्थिंग

गदान्स्कच्या गोदीत
बोगुमिलनं चाळीस वर्षं जहाजं सांधली.
आता दर मंगळवारी, शाळेच्या गारठलेल्या व्यायामशाळेत
तो ताडासनात उभा राहतो,
एक गुडघा कुरकुरत.

यागोदा सांगते, कण्यातून प्राण वर चढतो.
तो मान डोलावतो. पटत नाही.

मग ती म्हणते, आधी टाचा रुजू द्या,
आणि त्याला आठवतो
लोखंडाला चावून बसलेला अर्थिंगचा चिमटा:
तो निसटला
की हातातली कांडी नुसती काडी,
ठिणगी नाही.

तेवढं कळतं त्याला.

शवासनात मात्र मूठ सुटायची नाही.
अजून काहीतरी धरून ठेवल्यासारखी.

आज सुटली.
तळव्यावर भाजल्याचे जुने डाग,
आणि त्यांवर
बाल्टिककडून आलेलं पातळ ऊन,
कशालाच न जोडलेलं.