पाच जात नसतील तर नऊ

पाढ्यांच्या आधी मला पाठ झाला तो हा क्रम:
एक, दहा, पाच, चौदा,
नऊ, चार, तेरा, आठ,
तीन, बारा, सात, दोन,
अकरा, सहा. आणि पुन्हा एक.
पाच जात असतील तर काढ,
जात नसतील तर नऊ घाल,
अण्णा मल्हारगंजच्या ओट्यावर
गालावरचा साबण वाळू देत समजावायचे.
डकोटाच्या एका इंजिनात चौदा सिलिंडर,
सातांचं एक कडं, त्यामागे सातांचं दुसरं,
आणि ठिणगी अशी उड्या मारते
की शेजारी शेजारी लागोपाठ पेटत नाहीत.
आपल्या बिऱ्हाडांत असं असतं तर, आई म्हणायची.

बिजासनच्या टेकडीखाली धावपट्टी.
कधी एखादं विमान रात्री मुक्कामाला राहायचं.
उभ्या इंजिनात तेल खाली उतरतं,
तळच्या सिलिंडरांत साचून बसतं.
तसंच चालू केलं तर तेल दबत नाही,
दांडा वाकतो.
म्हणून पहाटे पंखा हातानं फिरवायचा,
बाबूखाँ आणि अण्णा,
एकेक पातं खांद्यानं रेटत,
मोजून बारा.
“अडलं तर जोर नाही लावायचा, ऊर्मे.
खालचा प्लग काढायचा, तेल वाहू द्यायचं.”
हे ते इंजिनाबद्दलच बोलत होते.

शंभर नंबरचं पेट्रोल पोपटी,
त्याच्याखालचं निळं.
रंगपंचमीच्या गेरीसाठी गल्लीतली पोरं
बाटलीभर मागायची.
शिसं आहे त्यात, मराल, म्हणायचे अण्णा,
आणि त्याच हातांनी पोह्यांवर शेव पसरायचे.

कुणा वैमानिकानं टाकून दिलेल्या इंग्रजी मासिकात
पोटाळलेल्या एका विमानाचं चित्र होतं.
आकाशातला टँकर. चार इंजिनं,
एकेकात अठ्ठावीस सिलिंडर,
सिलिंडरला दोन प्लग.
अण्णांनी मासिकाच्या कडेला गुणाकार केला,
दोनशे चोवीस,
आणि त्या परक्या फिटरसाठी हळहळले.
मागे एक जेट, नळीला तोंड लावून.
जेटला हळू उडणं जमत नाही, हळू झालं की पडतं.
टँकरला जोरात जमत नाही.
मग टँकर नाक खाली करतो, उताराला लागतो,
उंची खर्चून वेग विकत घेतो,
आणि मागचं तेवढ्यात पिऊन घेतं.
हे पान त्यांनी फाडून ठेवलं होतं
रेशनकार्डाच्या पाकिटात.

मग टर्बाइनची विमानं आली.
मोजायला त्यांत काहीच नव्हतं.
अण्णांना कोर्सला पाठवलं, ते परत आले,
आणि स्टोअरमध्ये पाने-पेचकस मांडू लागले,
नंबरवारी.
मी कॉलेजात टर्बाइनच घेतलं.
वर्गात एकटी मुलगी, दारात सेकंडहँड लूना.
रविवारी त्यांचा डबा घेऊन जायचे,
परतताना ते सायकलवर, मी बाजूला.
लूना फार हळू केली की आचके देऊन बंद पडायची.
टेकडीचा उतार लागला
की अण्णा दोन्ही ब्रेक सोडून द्यायचे,
धोतराचा सोगा दातात धरून,
साखळी खडखडत,
आणि वळणापर्यंत आम्ही बरोबर असायचो.

परवा दवाखान्यात सिस्टर म्हणाली,
“बाबूजी, ज़रा बीस तक गिनिए.”
अण्णांनी कान पुढे केला,
चाळीस वर्षांच्या आवाजानं अर्धा गेलेला तो कान,
आणि सुरू केलं:
एक, दहा, पाच, चौदा.
तिनं फाइलीत काहीतरी लिहिलं.
लिहू नका, मी म्हटलं, बरोबर आहे.
नऊ, चार, तेरा, आठ.
तीन, बारा, सात.
सातावर अडले.
पांघरुणाबाहेर बोटं हवेत,
जणू एक पातं खांद्याशी येऊन थांबलंय.
मला पुढचा आकडा येत होता.
मी जोर नाही लावला.