बाहेरची बाजू

नीलम म्हणतात याला, पण निळेपणा नावालाही नाही.
भट्टीत वाढवलेली, तळहाताएवढी चकती,
पेजेवरच्या निवळीसारखी.
ओलेसुंदच्या धक्क्यामागे, आमच्या वर्कशॉपात,
दुपारी साडेतीनलाच अंधारलं होतं
आणि चकतीत माझाच चेहरा, दोनदा:
एक पुढच्या पृष्ठावर, एक मागच्या,
केसभर सरकलेला.

शंभर किरण निघाले, तर चौदा
उंबऱ्यावरूनच माघारी.
साधी काच बरी, ती आठच परतवते.
"कठीण माणसांचं असंच असतं," गुडवेग म्हणते
आणि हसत नाही.

कॅमेरा चारशे मीटर खाली जायचाय,
जिथे पोवळ्यांची रानं
उजेडाशिवायच वाढतात.
मी रात्र जागून यादी केली होती:
सात थरांचा लेप, दोन्ही बाजूंना,
निळ्यापासून तांबड्यापर्यंत सगळं आत घेणारा.
किंमत शेवटच्या रकान्यात,
पेन्सिलीने, जरा बारीक अक्षरात.

तिने यादी वाचली. किमतीपाशी थोडी थांबली.
मग चकती उचलून
आस्ब्यर्नने आणलेल्या कोळंबीच्या बादलीत बुडवली,
खाऱ्या पाण्यात, एका कुशीवर.
माझा चेहरा विझला.
पूर्ण नाही. नखावरच्या पांढऱ्या डागाएवढा
उरला.

"बाहेर समुद्रच लेप आहे.
आणि दर दहा दिवसांनी शिंपले खरवडायला
ब्रश फिरणार तिथे.
ब्रशला तुझे सात थर मोजता येत नाहीत."

आत मात्र कोरडा नायट्रोजन,
ना वारा, ना कुणाचं बोट.
तिथे एकच थर, मॅग्नेशियम फ्लोराइडचा,
केसाच्या सातशेव्या हिश्श्याएवढा.
तिथे नाजूक चालेल, म्हणाली,
आणि एक कोळंबी सोलली.

पाण्यातूनही दोन किरण परततातच, मी म्हणालो,
त्यांचं काय?
तिने हात पुसले.
"त्यांचं तिकडेच काही काम असेल."

संध्याकाळी मी ऑर्डर भरली.
आतली बाजू: एक थर, हलकी जांभळट झाक.
बाहेरची बाजू:
इथे पेन अडलं.
कोरं सोडलं तर यांना वाटेल, विसरलो.
माझ्या खांद्यावरून वाकून
तिने रकान्यात लिहिलं,
ठळक, दोनदा गिरवून:
मुद्दाम.