पत्ते

इनासनं पहिल्याच दिवशी विचारलं,
बाय, पत्ते येतात का तुला?
म्हटलं, एकतीस वर्षं तेच केलं.
त्याला कळायला थोडा वेळ लागला
की मी मयेच्या पोस्टातली.

विशेष मुलांच्या शाळेत व्यायामाची खोली करायचीय.
तियात्र गेल्या वर्षी झाला, लॉटरीची तिकिटं कुणी घेत नाही,
तेव्हा सभेत कुणीतरी म्हणालं, पोकरची रात्र ठेवूया,
आणि हात वर केलेल्यांत माझाही हात होता.
पंखा बंद करा म्हणून केलेला.

इनास मांडवीतल्या बोटीवर बारा वर्षं पत्ते वाटायचा.
आता गुडघे गेले. फणसाखाली टेबल,
चिप्सच्या जागी भाजलेले काजू.
दुसरा डाव सुरू होईतो
मी निम्मं भांडवल खाल्लं होतं.

दोन पत्ते तुझे, पाच सगळ्यांचे,
शेवटच्याला म्हणायचं रिव्हर.
नदीवर उभा राहून नदी वाटली गो मी, तो म्हणाला,
आणि काजू मोजून माझ्यापुढे सरकवले.

मला येत होता तो मेंढीकोट,
चवथीच्या रात्री, गणपतीपुढे, जागरणापुरता.
तिथं समोर भिडू असतो, भुवई उडवता येते.
इथं समोर बसलेले सगळेच परके.

मी दरवेळी कॉल म्हणायची.
तो कपाळावर हात मारून घ्यायचा.
अगे, वाईट पत्ता टाकून द्यायचा असतो!
पोस्टात नसतो टाकता येत, इनास.
‘आवयस, मोठ्या आंब्याकडे, मये’
एवढंच लिहिलेलं पाकीटही
आम्ही पोचवलंय, आंबा पडल्यानंतर.

आणि मुद्दाम हरू नकोस, तो म्हणाला.
हरलो तरी दानच, असं सगळेच म्हणतील.
मग टेबल कशाला, पेटी ठेवा देवळात.

नवव्या दिवशी ब्लफ.
माझ्याकडे काही नव्हतं, मी सगळे काजू पुढे केले,
त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं, बघत राहिला,
आणि हातातल्या दोन राण्या खाली ठेवल्या.
हे तोंड कुठं शिकलीस?
काउंटरवर, म्हटलं.

मे महिना होता, शनिवार.
म्हापशाहून फोनवर तार आली, मीच लिहून घेतली.
जुझे. जहाजावर. बाकी इंग्रजीत चार शब्द.
आणि खिडकीशी पिएदाद उभी,
हातांना नारळाच्या रसाचा वास,
संध्याकाळी लेकीचा रोस.
माझ्या जुझेचं काय आहे गो?
आज काही नाही.

ड्रॉवर. किल्ली.
रविवारी बँड आमच्या दारावरून गेला,
सोमवारी घरी बोल आला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, अजून गरम.
मंगळवारी तार दिली.
मजकूर मी वाचून दाखवला,
तारीख तिची तिला वाचता आली.

तिनं ती दोनदा वाचली.

डिचोलीच्या हॉलात सात टेबलं, हिरव्या चादरी.
माझ्या टेबलावर बार्जवाले गुणाजी शेट,
वीस वर्षं माझ्याकडून रेव्हेन्यू तिकिटं घेणारे,
सुटे कधी न देणारे.
माझ्या हातात इस्पिकची सत्ती, चौकटची दुरी.
इनासच्या मते याहून वाईट हात नाही.
मधे राजा पडला, शेटनी घड्याळ चाचपलं,
मी होतं नव्हतं ते सगळं पुढे केलं
आणि खिडकीत बसल्यासारखी बसले.

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.
मग पत्ते टाकले, पाकीट काढलं,
आणखी पाच हजारांच्या चिप्स मागवल्या.
पलीकडे कुणीतरी टाळी वाजवली.
खरं सांग बाय, काय होतं?
आज काही नाही, म्हटलं.
ते खो खो हसले, मला खोटी समजून.

समोरचे उठले की पत्ते दाखवायची सक्ती नसते,
हा नियम मी इनासकडून दोनदा विचारून घेतला होता.
तसेच पालथे सरकवले त्याच्याकडे.
सत्तीवर तारीख छापलेली नसते.