स्टेशन

उद्यमनगरात चौगुल्यांच्या लेथवर
पत्र्याची एक खोली भाड्यानं घेतलीय मी.
स्टीलचं टेबल, दोन बेसिन, जुना फ्रीज,
आणि खाली दिवसभर फिरणारं यंत्र.
फरशी थरथरते. पोरांना सांगतो,
सवय लावून घ्या पायांना,
बोटीवरची गॅली अशीच असते.

पोरं येतात कागलहून, मुरगूडहून, शिरोळहून.
समुद्र बघितलेला नाही निम्म्यांनी,
पोहता मात्र येतं सगळ्यांना, पंचगंगेत शिकलेले.
पोहण्याचा काही उपयोग नाही, म्हणतो मी.
हात धुवा.

वीस सेकंद. अंगठ्याची बेचकी, नखांच्या आत, मनगट.
घड्याळ नसलं तर जोतिबाच्या नावानं चांगभलं,
सावकाश, दहा वेळा.
शौकत बागवान के.एम.टी.चे थांबे म्हणतो त्याऐवजी,
गंगावेस, पापाची तिकटी, शिवाजी चौक, व्हीनस कॉर्नर,
आणि स्टेशन आलं की नळ बंद करतो.
मी घड्याळ लावून बघितलंय. बरोबर वीस.

मटणाची पाटी लाल, माशांची निळी,
कच्चं खायचं ते हिरवीवर.
फ्रीजात मटण सगळ्यात खाली, म्हणजे त्याचं रक्त
कुणाच्या काकडीवर ठिबकणार नाही.
उरलेला भात पसरट ट्रेमध्ये, लगेच गार करायचा.
रस्सा त्रेसष्टच्या खाली उतरू द्यायचा नाही.

इथं ऋतुराज इंगवले उठतो. बापाची खानावळ आहे त्याच्या.
"आमच्यात पांढरा रस्सा रातभर चुलीवर असतोय.
कोण मेलंय का अजून?"
सगळे हसतात. मीही.
मग म्हणतो, तुमच्या खानावळीपासून
सी.पी.आर. हॉस्पिटल रिक्षानं दहा मिनिटं.
बोटीवर डॉक्टर नसतो, इंगवले.
औषधांची एक पेटी असते
आणि एक सेकंड ऑफिसर,
पुस्तक उघडं ठेवून सलाईनची शीर शोधणारा.

एवढंच सांगतो.
पुढचं सांगत नाही.

सोळा वर्षांपूर्वी, कोळशाची बोट,
बंदर सोडून अकरावा दिवस.
पहाटेपासून तीनदा जाऊन आलो होतो.
बोललो असतो तर अठ्ठेचाळीस तास गॅलीबाहेर,
आणि कंपनीच्या कागदावर एक ओळ.
जयसिंगपूरच्या प्लॉटचे हप्ते चालू होते.
मी कोशिंबीर केली.
मीठ लागावं म्हणून
हातानं कालवली.

तिसऱ्या दिवशी बावीसातले चौदा आडवे.
कॅप्टननं पाण्याच्या टाकीला दोष दिला.
क्लोरीन मापताना मीच धरली होती बाटली,
हात अजिबात हलला नाही.
ऑइलर तांडेल, हर्णैचा, सगळ्यात वाईट.
डोळे खोल गेलेले, कातडी चिमटीत धरली की तशीच उभी.
रात्री त्याची बादली धुवायला गेलो,
तर म्हणाला, "कुक, तुझे उपकार रे."

वाचला. पुढच्या बंदरात उतरवला त्याला.
दर नारळी पौर्णिमेला फोन करतो.
मी उचलतो.

आज सकाळी ऋतुराज दारातच थांबला.
कडीला हात, चेहरा उतरलेला.
"सर, पोट बिघडलंय. आत येऊ का नको?"

घरी जा, म्हणालो. दोन दिवस येऊ नकोस.
हजेरी लागेल तुझी, पूर्ण लागेल,
फीसुद्धा कापणार नाही, कळलं का?
कापणार नाही!
त्याला कळेना मी एवढा का ओरडतोय.
खाली लेथवाल्यानंही मान वर करून बघितलं.

तो जिना उतरला.
मी कडी पुसली, साबणानं, मग औषधानं.
मग बेसिनपाशी गेलो.
बेचकी, नखं, मनगट,
पुन्हा बेचकी.
पोरं गप्प उभी होती. पाणी चालूच.

"सर," मागून शौकत म्हणाला,
"स्टेशन गेलं की मागं."