कौल

तीन पाकळ्या देवीच्या उजव्या खांद्यावर, तीन डाव्या.
ओल्या पाषाणाला चिकटवून गुरव म्हणाला, विचार.

विचारलं: मानशीचं दार आता दुसऱ्या कुणी राखावं?
जाऊ वास्कोला, लेकाकडे? गुडघे ऐकत नाहीत.

दुपार कलली. एकही पाकळी सुटेना.
"उद्या ये गे, सत्यवती."

रात्री अडीचला भरती चढली
आणि तिसरी फळी अडकली.
खारं पाणी खाजनात,
पियेदादच्या पोटरीवर आलेल्या भाताकडे.

उतरले.
पाणी छातीला, पायाखाली शेवाळ,
करंगळीला खेकडा.
दातांत बॅटरी, म्हणून शिवी मनातच दिली
तिला, त्या दगडाला.

कुठे रेटायचं ते हातांना ठाऊक होतं.
फळी बसली.
बाहेर कुंभारजुव्याची खाडी धडका देत राहिली,
आत भात गप्प, झोपलेल्या पोरासारखं.

तिथेच, थंडीने कुडकुडताना, कळलं:
कौल मी लावलाच नव्हता.
इतकी वर्षं, भरतीगणिक,
तीच विचारत होती,
आहेस ना गे?

सकाळी गुरवाचा फोन.
पाकळ्या अजून तशाच.
म्हटलं, असू देत.
आज भरती सव्वातीनची आहे.