काटा

मुद्देमाल कारकुनाचं काम एवढंच:
वजन लिहिणं.
कशाचं, ते वरचे ठरवतात.

ठाण्यातला तराजू दहा किलोच्या पुढे जाईना,
म्हणून ज्ञानू येसू मंडलेच्या उसातली त्रेसष्ट झाडं
ट्रॉलीत घालून कारखान्यावर नेली.
उसाच्या दोन गाड्यांमध्ये नंबर लागला.
काट्यावरचा पोरगा म्हणाला, "साहेब, ह्याची रिकव्हरी किती?"
फौजदार हसले. मीही हसलो असेन.
ज्ञानू ट्रॉलीतच बसला होता, बेडीचा हात मांडीवर.

मुळांसकट, मुळांना धरून आलेल्या येरळाकाठच्या मातीसकट,
देठ, पानं, पहाटेचं दव, सगळं धरून
दोनशे चार किलो.

कायद्यात शेंडा म्हटलंय, फुललेला शेंडा.
नुसतं पान गांजा नव्हे, नुसतं बी गांजा नव्हे.
वीस किलोवर एक रेघ आहे,
तिच्या पलीकडे जामीन दिसत नाही.
मी हळूच म्हणालो, "साहेब, माती तरी झटकू."
"तुम्ही लिहा."
लिहिलं.

ह्याच काट्यावर उसाची खेप हलकी भरते
अशी सगळ्या तासगाव तालुक्याची बोंब.
काट्यामागे डिस्टिलरी. मळीचा तो आंबूस, गोडूस वास
डब्यातल्या भाकरीलाही लागतो.
टँकर बाहेर पडत होते: सील, पास, पावती,
आणि फाटकात अबकारीचा माणूस खुर्ची टाकून.
त्यानं आमची ट्रॉली बघून नाकाला रुमाल लावला.

मागे एकदा जुनी दप्तरं उन्हात घालताना
मला एक परवाना सापडला होता.
तेव्हा तासगाव साताऱ्यात होतं.
मोडी मला अर्धीच लागते.
राणू बिन खंडू मंडले, गांजा, वीस गुंठे.
नर झाडं वेळीच उपटावीत.
माल सरकारी गोदामात आणावा. शेरामागं इतका कर.
खाली गोऱ्याची सही, आळसावलेली.
म्हणजे झाड तेव्हा पापी नव्हतं, गिऱ्हाईक होतं.
राणू ज्ञानूचा पणजा असेल, नसेलही.
तालुक्यात मंडले पुष्कळ.

मग समुद्रापलीकडे कुठल्या तरी टेबलावर
ठरलं.
ज्यांनी ठरवलं त्यांच्या पेल्यात काय होतं
हे कुठल्या दप्तरात नाही.
आपण पंचवीस वर्षांची मुदत मागून घेतली,
सावकाराकडे मागतात तशी,
आणि पंच्याऐंशी साली, वर्ष सरता सरता, फेडली.
तोवर देशी दारूचे ठेके लिलावात चढत होते.
तिजोरीला एका हातानं घ्यायचं
आणि दुसऱ्यानं कानफटात द्यायची
एवढं गणित जमतं.

सोनाबाई ऐवळेला विचारलं. तिच्या घरात दोर वळायचे,
बेंदराला बैलांच्या वेसण्या, कासरे, मोहोरक्या.
म्हणाली, "आमची अंबाडी. ताग वेगळा. ते तिसरं बैराग्यांचं.
गोऱ्यांना काय, दोर निघाला की झालं, तिन्हीला एकच नाव!"
"मग अंबाडीवर कुणी बंदी आणली?"
"कुणी नाय. नायलॉन आला.
बंदी असती तर चोरून तरी इकला असता."

खटला सांगलीला उभा राहिला तेव्हा
मुद्देमाल जाळून झाला होता. राखेचं वजन कुणी मागितलं नाही.
वकिलानं विचारलं, "शेंडे वेगळे केले होते?"
"नाही."
"माती?"
"नाही."
फौजदार माझ्याकडे बघत नव्हते.

बाहेर, पाण्याच्या पिंपाजवळ, ज्ञानू
बंदोबस्तातल्या पोराला बिडी मागत होता.
मला बघून म्हणाला, "अण्णा, एक इचारू?
त्या दिवशी मी ट्रॉलीत बसलो होतो.
माझं वजन वजा केलं होतं का?"

परत येऊन रजिस्टर काढलं.
माझंच अक्षर, निळी शाई.
दोनशे चार.
त्याखाली वजाबाकीला जागा आहे, एक ओळभर.
कोरी.